क्षणजीवी केंद्रकांचे वस्तुमान : प्रस्तावना

दुधातला, हाडांतला आणि चुन्याच्या निवळीतला कॅल्शियम जवळजवळ सगळा एकाच जातीचा असतो. त्याच्या केंद्रकात २० प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन असतात आणि निसर्गातल्या कॅल्शियमपैकी सुमारे ९७ टक्के हाच असतो. प्रवरेच्या खोऱ्यातल्या गोठ्यांतून रोज संकलन केंद्रावर जाणाऱ्या दुधातही हाच कॅल्शियम आहे, आणि तो कोट्यवधी वर्षे जसाच्या तसा राहतो. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ज्या कॅल्शियमचे वस्तुमान मोजल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले, त्याच्या केंद्रकात मात्र २० प्रोटॉनांसोबत ३४ न्यूट्रॉन होते. त्याचा अर्धायुकाल सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. पृथ्वीवर तो कुठे सापडत नाही, मुद्दाम घडवावा लागतो, आणि घडवल्यावर हातात धरावा इतका वेळही टिकत नाही. अशा वस्तूचे वस्तुमान कोट्यंशापर्यंत अचूक मोजण्यासाठी माणसे आयुष्य का घालवतात, हा प्रश्न रास्त आहे, आणि हे पुस्तक त्याच प्रश्नाचे उत्तर आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : केंद्रकाविषयीचे प्रारूप ज्या आकड्यांवरून बेतले, त्याच आकड्यांशी जुळले म्हणून ते खरे ठरत नाही. ते खरे की खोटे हे ठरवायला जिथे आधी कोणी मोजलेच नव्हते तिथले मोजमाप लागते, आणि केंद्रकांच्या बाबतीत तशी जागा आता फक्त या क्षणजीवी केंद्रकांमध्ये उरली आहे.

आधी वस्तुमानातून काय कळते ते पाहू. फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ साली केंब्रिजमध्ये आपला वस्तुमान-वर्णपटलेखक उभा केला आणि समस्थानिकांची वस्तुमाने एकामागून एक मोजायला सुरुवात केली. हायड्रोजनचे चार अणू एकत्र धरले तर ४.०३१३ एकके भरतात. हेलियमचा एक अणू भरतो ४.००२६. मधली ०.७ टक्के तूट ही मोजणीतली चूक नव्हे. चार कण एकत्र बांधले जाताना तेवढी ऊर्जा बाहेर पडलेली असते. सूर्य इतका काळ कशावर जळतो, याचे उत्तर या तुटीत असावे असे आर्थर एडिंग्टन यांनी १९२० मध्येच सुचवले. म्हणजे केंद्रकाचे वस्तुमान हा नुसता त्याचा भार नाही. सुट्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या बेरजेतून ते वजा केले की उरते ती बंधन ऊर्जा, आणि तिच्यात केंद्रकातले सगळे बल, सगळी रचना, कणांची सगळी आपापसातली देवघेव एकाच आकड्यात उतरलेली असते. ‘एवढ्याशा आकड्यातून रचनेचे काय कळणार?’ असा आक्षेप घेतला जातो. एकट्या आकड्यातून फारसे कळत नाही, हे खरे. पण शेजारशेजारच्या केंद्रकांचे आकडे वजा करत गेले की दोन न्यूट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते ते मिळते, आणि ती ऊर्जा कुठे एकदम घसरते यावरून आतली मांडणी दिसू लागते.

पदवीच्या वर्गात ही गोष्ट १९३५ सालच्या वायझेकर यांच्या सूत्रापासून सुरू होते. केंद्रक हा द्रवाचा थेंब मानायचा. त्याच्या आकारमानाला, पृष्ठभागाला, प्रोटॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणाला आणि प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या असमतोलाला एकेक पद द्यायचे, सम-विषम जोडीसाठी एक छोटे पद जोडायचे, आणि बंधन ऊर्जा हाती येते. पाच पदांचे हे सूत्र शेकडो केंद्रकांना एका टक्क्याच्या आत बसते, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण शिसे-२०८ पाशी ते दहाहून अधिक एमईव्हीने चुकते (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट), कारण तिथे ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन अशा दोन्ही ‘जादुई’ संख्या जुळून येतात. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या संख्यांचा उलगडा १९४९ मध्ये मारिया गोपर्ट-मायर आणि हान्स येन्सेन यांनी कवच प्रारूपाने केला आणि १९६३ चे नोबेल त्यांना मिळाले. पाठ्यपुस्तके बहुधा इथे थांबतात. अहिल्यानगर, संगमनेर, कोपरगाव किंवा श्रीरामपूरच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याची समजूत अशी होते की या सात संख्या निसर्गाने कायमच्या कोरून ठेवल्या आहेत. त्या कायमच्या नाहीत, हे कळून आता अर्धे शतक उलटले आहे. मराठीत या विषयावर सविस्तर लिहिण्याची निकड मला वाटते ती मुख्यतः या अर्ध्या शतकाच्या अंतरामुळे.

ही समजूत पहिल्यांदा ढासळली ती १९७५ साली, आणि तीही वस्तुमानाच्या मोजणीमुळेच. कॅथरिन थिबो आणि रोबेर क्लापिश यांच्या फ्रेंच गटाने सर्नमध्ये सोडियमच्या न्यूट्रॉनबहुल समस्थानिकांची वस्तुमाने २६ पासून ३२ पर्यंत मोजत नेली. सोडियममध्ये ११ प्रोटॉन असतात, त्यामुळे सोडियम-३१ मध्ये न्यूट्रॉन बरोबर २० येतात. जादुई संख्या गाठल्यावर पुढचे न्यूट्रॉन सहज निसटायला हवेत, म्हणजे ऊर्जेचा आलेख तिथे घसरायला हवा. तो घसरला नाही. सोडियम-३१ आणि ३२ अपेक्षेहून घट्ट बांधलेले निघाले. त्याच वर्षी आलेल्या गणिताने दाखवले की हे केंद्रक गोल राहतच नाही, ते लांबुळके होते, आणि २० या संख्येची जादू तिथे संपते. सोडियम-३१ चा अर्धायुकाल सुमारे १७ मिलिसेकंद आहे. ही गोष्ट स्थिर सोडियमकडे, म्हणजे आपल्या मिठातल्या सोडियम-२३ कडे, कितीही वर्षे पाहत बसले असते तरी कळली नसती.

मोजणी कशी होते हे एकदा जवळून पाहिले पाहिजे, कारण आकड्यावरचा विश्वास तिच्यावर अवलंबून आहे. सर्नच्या आयसोल्डे केंद्रात १.४ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन युरेनियम कार्बाइडच्या जाड लक्ष्यावर आदळतात. लक्ष्य सुमारे २००० अंश सेल्सिअसला तापवलेले असते, त्यामुळे फुटून तयार झालेली केंद्रके लवकर बाहेर झिरपतात. त्यांचे आयन करून, चुंबकाने वेगळे काढून, थंड करून, पुंजक्यांनी ती पेनिंग सापळ्यात सोडली जातात. या सापळ्यात प्रबळ चुंबकीय क्षेत्र आणि दुर्बळ विद्युत क्षेत्र मिळून आयनाला अधांतरी फिरते ठेवतात. हान्स डेमेल्ट यांना १९८९ चे नोबेल मिळाले ते अशाच सापळ्यांवरच्या कामासाठी. ६ टेस्लाच्या क्षेत्रात, वस्तुमानांक १०० असलेला आणि एक विद्युतभार असलेला आयन सेकंदाला सुमारे ९ लाख २० हजार फेऱ्या मारतो. आयन जड असेल तर फेऱ्या कमी, हलका असेल तर जास्त. म्हणजे वस्तुमान मोजायचे तर फेऱ्या मोजायच्या. मोजणाऱ्यांची अडचण वेळेची असते. आयन सेकंदाचा दहावा भाग सापळ्यात राहिला तर वारंवारतेतला फरक साधारण १० हर्ट्झपर्यंतच सुटा दिसतो, आणि त्याच्या मध्याचा अचूक ठाव घ्यायला पुन्हा पुन्हा नवे आयन आणावे लागतात. शिवाय चुंबकीय क्षेत्र स्वतः किती आहे हे तितक्या अचूकपणे ठाऊक नसते. सराफ जसा दागिना प्रमाणित वजनाशी तोलून पाहतो, तसा इथे अनोळखी आयन ओळखीच्या आयनाशी आलटून पालटून तोलला जातो. या कामाला कार्बनच्या अणूंचे पुंज फार सोयीचे पडतात, कारण वस्तुमानाचे एककच कार्बन-१२ च्या बाराव्या भागाने ठरवलेले आहे. कॅनडातल्या ट्रायम्फ प्रयोगशाळेतल्या टायटन सापळ्याने २००८ साली लिथियम-११ चे वस्तुमान असेच मोजले. त्याचा अर्धायुकाल ९ मिलिसेकंदांहूनही कमी आहे. सापळ्यालाही जे साधत नाही, त्यासाठी दोन विद्युत आरशांमध्ये आयनाला हजारो वेळा परतवून त्याच्या उड्डाणाचा वेळ मोजतात, किंवा डार्मस्टाटमध्ये १०८ मीटर परिघाच्या वलयात त्याला फिरवतात.

सर्नमधला कॅल्शियम-५४ आरशांच्या पद्धतीने मोजला गेला, आणि त्याच्या आदल्या वर्षी टायटनने पेनिंग सापळ्यात कॅल्शियम-५२ मोजला होता. टायटनच्या मोजणीत कॅल्शियम-५२ जुन्या तक्त्यातल्या आकड्याहून १.७४ एमईव्हीने घट्ट बांधलेला निघाला. आता दोन न्यूट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा ओळीने पाहा : कॅल्शियम-४८ साठी १७.२, ५० साठी ११.५, ५२ साठी १०.८ आणि ५४ साठी ७.० एमईव्ही. २८ न्यूट्रॉनांनंतरची मोठी घसरण अपेक्षितच होती. पण ३२ न्यूट्रॉनांपर्यंत आलेख जवळजवळ सपाट राहून तिथून पुन्हा घसरतो, म्हणजे पाठ्यपुस्तकात नसलेली ३२ ही संख्या या टोकाला जादुई संख्येसारखी वागते. हे कॅल्शियम-५२ चे बंधन ज्या गणिताने चांगले पकडले, त्यात दोन-दोन कणांमधल्या बलाबरोबर तीन कण एकत्र आले की लागू होणारे बलही घेतले होते. ते बल वगळले की जुळणी बिघडते. तीन कणांचे बल असावे हे सैद्धांतिकांना फार पूर्वीपासून वाटत होते. जड केंद्रकात ते किती मोलाचे आहे, याचा इतका थेट पुरावा या क्षणजीवी कॅल्शियमने दिला.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असा असतो की आजची प्रारूपे पुरेशी चांगली आहेत. मोजलेल्या सुमारे अडीच हजार केंद्रकांवर त्यांची सरासरी चूक अर्ध्या एमईव्हीच्या आसपास आहे. काहींची त्याहूनही कमी. केंद्रकाची एकूण बंधन ऊर्जा हजार एमईव्हीच्या घरात असताना अर्ध्या एमईव्हीचे काय एवढे? याचे उत्तर ताऱ्यांकडे पाहिल्यावर मिळते. लोखंडापलीकडची निम्मी मूलद्रव्ये, त्यांत सोने आणि प्लॅटिनम, न्यूट्रॉनांच्या भडिमारात झपाट्याने घडतात. केंद्रक एकामागून एक न्यूट्रॉन गिळते, आणि प्रचंड उष्णतेमुळे काही न्यूट्रॉन पुन्हा बाहेर फेकले जातात. शेजारच्या दोन समस्थानिकांत कोण किती प्रमाणात उरणार, हे न्यूट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा भागिले तापमान या गुणोत्तराच्या घातांकावर ठरते. शंभर कोटी केल्विन तापमानाला सरासरी औष्णिक ऊर्जेचे एकक ०.०८६ एमईव्ही इतके असते. म्हणजे अर्ध्या एमईव्हीची चूक घातांकात जवळजवळ ६ होते आणि ते प्रमाण सुमारे ३०० पटींनी बदलते. बंधन ऊर्जेच्या मानाने नगण्य वाटणारी चूक सोन्याच्या उत्पत्तीचा सगळा हिशेब उलटा करू शकते. शिवाय ही सरासरी मोजलेल्या प्रदेशातली आहे. न मोजलेल्या प्रदेशात हीच प्रारूपे एकमेकांपासून कित्येक एमईव्हींनी फाकतात. एका गणनेनुसार बांधील अवस्थेत राहू शकतील अशी केंद्रके सुमारे ७००० असावीत. त्यांतली निम्मीही अजून प्रयोगात दिसलेली नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक खोलवर जातो आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. नवे मोजमाप आले की प्रारूप करणारे आपले स्थिरांक थोडे हलवून ते सामावून घेतात. मग कसोटी कसली? अलीकडे यंत्राला आकडे शिकवूनही वस्तुमाने काढली जातात आणि शिकवलेल्या आकड्यांवरची चूक आणखी खाली येते. ही पद्धत निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही, पण दोन मोजलेल्या केंद्रकांच्या मधले केंद्रक सांगणे आणि कडेच्या पलीकडचे सांगणे ही वेगळी कामे आहेत. भाकीत आधी छापले गेले की नंतर, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. १९८८ साली वेगवेगळ्या प्रारूपांच्या भाकितांचे तक्ते एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांत भुवनेश्वरच्या एल. सत्पथी आणि आर. सी. नायक यांचा तक्ताही होता. पीटर मॉलर आणि सहकाऱ्यांचा १९९५ चा तक्ता त्यानंतर मोजलेल्या शेकडो केंद्रकांवर तपासला गेला, तेव्हा त्याची चूक वाढली नाही. हे त्या प्रारूपाचे खरे यश आहे, आणि माझ्या युक्तिवादाविरुद्ध कोणी पुरावा मागितला तर हाच पुढे केला जाईल. पण ती नवी केंद्रके बहुतेक जुन्या मोजलेल्या प्रदेशाला लागूनच होती. सोने घडण्याची वाट त्याहून बरीच पलीकडून जाते. माझ्या मते अनेक स्थिरांकांच्या जोरावर अर्ध्या एमईव्हीत बसणाऱ्या सूत्रापेक्षा, मोजक्या स्थिरांकांवर उभे राहून दोन एमईव्हीने चुकणारा सिद्धांत कधीकधी जास्त शिकवतो, कारण तो कुठे आणि का चुकला हे दाखवता येते. मुंबईच्या आयआयटीतले वाय. के. गंभीर यांनी म्युनिकच्या पीटर रिंग आणि ए. थिमेट यांच्यासोबत १९९० मध्ये मांडलेले सापेक्षतावादी सरासरी-क्षेत्राचे गणित या दुसऱ्या प्रकारातले आहे. त्यात कवच प्रारूपाला वेगळे जोडावे लागणारे परिवलन-कक्षा बल सिद्धांतातूनच आपोआप येते.

आधी भाकीत आणि मग मोजमाप, या क्रमाचे सर्वांत गाजलेले उदाहरण मराठी वाचकाला अगदी परके नाही. ताऱ्यांत कार्बन घडायचा तर कार्बन-१२ मध्ये ७.६ एमईव्हीच्या आसपास एक उत्तेजित पातळी असलीच पाहिजे, असे फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात ठामपणे सांगितले, आणि तिथल्या प्रयोगकर्त्यांना ती ७.६५ एमईव्हीला सापडली. पुढे १९५७ मध्ये बर्बिज दांपत्य, विल्यम फाउलर आणि हॉइल यांनी मूलद्रव्यांच्या जन्माचा जो विस्तृत आराखडा लिहिला, त्यातच न्यूट्रॉनांच्या वेगवान भडिमाराची ही प्रक्रिया मांडलेली आहे. याच हॉइल यांच्या हाताखाली केंब्रिजमध्ये जयंत नारळीकर घडले, आणि त्यांनी पुण्यात १९८८ साली आयुका उभी केली. क्षणजीवी केंद्रकांची वस्तुमाने या आराखड्याचा पाया आहेत. तो लिहिला गेला तेव्हा त्यांतली बहुतेक मोजणे कोणाच्या आवाक्यातच नव्हते.

मग ‘याचा आपल्याशी काय संबंध?’ या आक्षेपाकडे वळू. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची गुरुत्वीय लहर नोंदली गेली. त्यानंतर दिसलेल्या प्रकाशाच्या रंगावरून आणि मावळण्याच्या वेगावरून तिथे जड मूलद्रव्ये घडल्याचे कळले. २०१९ मध्ये त्या वर्णपटात स्ट्रॉन्शियम ओळखले गेले. पारनेर, संगमनेर आणि अकोले या तालुक्यांना लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, खोडदच्या माळावर, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आहे. त्याच स्फोटाचे नंतरचे रेडिओ उत्सर्जन तिनेही टिपले. रेडिओ लहरींवरून उसळलेल्या झोताची दिशा आणि वेग समजतो. सोने किती झाले ते मात्र समजत नाही. ते काढायला केंद्रकांची वस्तुमाने लागतात. अंगावरच्या मंगळसूत्रातले सोने ज्या वाटेने आले, त्या वाटेवर १२६ न्यूट्रॉनांच्या आसपासची जी केंद्रके पडतात, त्यांतल्या बहुतेकांचे वस्तुमान आजही अनुमानावर आहे. जिथे मोजणी पोचली तिथे चित्र बदलले आहे. २०१५ साली कॅडमियम-१२९ ते १३१ मोजले गेले आणि ८२ न्यूट्रॉनांची जादू कथिलाच्या खाली ओसरते असे दिसले. २०१३ मध्ये जस्त-८२ चे वस्तुमान हाती आले, आणि न्यूट्रॉन ताऱ्याच्या बाहेरच्या आवरणात कोणत्या खोलीवर कोणते केंद्रक असावे याचा हिशेब नव्याने मांडावा लागला. दुर्बिणीने पाहिलेल्या ताऱ्याच्या आत काय आहे, ते सापळ्यातल्या आयनाने सांगितले.

शेवटचा आक्षेप आपल्याकडचा आहे : महाराष्ट्रात असा सापळाच नाही, मग इथल्या विद्यार्थ्याने हे का शिकावे? मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) आवारात, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सोबतीने चालणारा १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन कणत्वरक १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काम करतो आहे. त्याला पुढे देशातच बनवलेल्या अतिवाहक पोकळ्यांच्या रेखीय त्वरकाची जोड मिळाली. तो स्थिर केंद्रकांच्या आयनांचे झोत देतो. क्षणजीवी केंद्रके तोलण्यासाठी तो बांधलेला नाही. पण मोजलेली वस्तुमाने तिथेही रोज लागतात. कथिल-१२४ चा न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षय शोधण्याच्या तयारीत टीआयएफआरचा गट आहे. तो क्षय झालाच तर त्याची खूण कथिल-१२४ आणि टेल्युरियम-१२४ यांच्या वस्तुमानांतल्या फरकाइतक्या ऊर्जेवर, २.२९ एमईव्हीवर, उमटेल. तो फरक परदेशातल्या सापळ्यांनी एका केईव्हीच्या (एमईव्हीच्या हजाराव्या भागाच्या) आत आणून ठेवला आहे, म्हणून कुठे पाहायचे ते मुंबईत ठाऊक आहे. आणि प्रारूप तपासायला तर त्वरकही लागत नाही. जगभर मोजलेली सगळी वस्तुमाने पडताळून केलेला तक्ता, त्याची २०२० ची आवृत्ती, साध्या मजकुराच्या फायलीत विनामूल्य मिळते. लोणीच्या किंवा राहुरीच्या वसतिगृहात बसून कोणीही कथिलाची साखळी घेऊन न्यूट्रॉन सुटण्याची ऊर्जा काढू शकते : कथिल-१३२ साठी दोन न्यूट्रॉनांना १२.६ एमईव्ही आणि कथिल-१३४ साठी ६.०. मग तीच वजाबाकी वायझेकर यांच्या सूत्राने करून दोन्ही आलेख एकावर एक ठेवावेत, आणि कथिलाकडून कॅडमियमकडे, तिथून त्याही खाली सरकत जावे. सरकताना एक गोष्ट मात्र पाहावी. तक्त्यात काही आकड्यांपुढे हॅशची खूण असते. ते मोजलेले नसतात, शेजाऱ्यांच्या कलावरून अंदाजलेले असतात. पुढच्या प्रकरणांतले सगळे आलेख काढताना असे आकडे वगळले आहेत.